रवाळ फोटो

“आधी सांगा अक्का, मगच आत नेते,” असं म्हणून सुनंदा सीटीच्या दारातच उभी राहिली. कडेवर सहा वर्षांची भूमी, खांद्याला फाइलींची पिशवी. मागं बाकावर दोन पेशंट चुळबुळत बसलेले. मी टेबल पुसून, नवी चादर घालून तयार. आणि ही दार अडवून!

“काय सांगू?”

“आजवर हिचे नऊ सीटी झाले. हा दहावा. लहान मुलांना किरण कमी देता का मोठ्यांइतकेच?”

हे उत्तर मला पाठ आहे. आया विचारतात, आज्या विचारतात, मोबाइलवर काहीतरी बघून आलेले काका तर फारच विचारतात.

“मुलांचं सेटिंग वेगळं असतं गं. कमीच असतं. काळजी करू नको.”

“कुणी केलंय सेटिंग?”

“मीच केलंय.”

“मग दाखवा की.”

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला ‘दाखवा’ असं कुणी म्हणालं नव्हतं. रागच आला, खरं सांगते.

मी सीटी टेक्निशियन. हुबळीत देशपांडे नगरात आमचं स्कॅन सेंटर आहे. फोटो मी काढते, तो वाचून रिपोर्ट लिहितात ते डॉक्टर अंगडी, आमचे रेडिओलॉजिस्ट आणि मालक. स्टाफ मला शैलाक्का म्हणतो. पेशंटही तेच म्हणायला शिकलेत. कामाच्या बाबतीत मी नाकावर माशी बसू देत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मुलांच्या डोक्याचे फोटो काढावेत तर शैलाक्कांनी, असं दोन-तीन डॉक्टर चारचौघांत बोलून दाखवायचे. मी वरवर ‘कसलं काय’ म्हणायचे आणि घरी जाऊन नवऱ्याला तीनदा सांगायचे.

भूमीची गोष्ट अशी. तिच्या डोक्यात जन्मापासून पाणी साठतं. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यांत पाणी तयार होतं आणि आपोआप निचरतं. हिचं निचरत नाही. म्हणून तान्ही असतानाच बेळगावात ऑपरेशन करून एक बारीक नळी बसवली. डोक्यातून निघते, कातडीखालून उतरते आणि पोटात जाते. तिला शंट म्हणतात. ही नळी तुंबली की पोकळ्या फुगतात, डोकं दुखतं, उलट्या होतात. मग तातडीनं ऑपरेशन. घोडं इथं अडतं की उलट्या तर कुठल्याही पोराला होतात. म्हणून दर वेळी सीटी. सुनंदा कलघटगीजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवते. पोरीनं दोनदा ओकलं की ती बस पकडून हुबळीत.

त्या शनिवारीही तसंच. रात्रीपासून चार उलट्या, डोकं दुखतंय. विद्यानगरच्या सर्जननं चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘सीटी ब्रेन, आज, शंट बघणे.’ नळी तुंबली असेल तर संध्याकाळच्या आत ऑपरेशन. पोर शुद्धीत होती, बोलत होती, चिडचिड करत होती, त्यामुळं थोडा वेळ हाताशी होता.

“ये आत. दाखवतेच तुला,” मी म्हटलं.

मी तिला कन्सोल रूममध्ये नेलं. काचेपलीकडं मशीन, अलीकडं कॉम्प्युटर, ती खोली. पेशंटच्या माणसांना तिथं आणत नाहीत. पण मला तिला गप्प करायचं होतं. तिच्या पिशवीत बेळगावची एक सीडी होती. मागच्या दिवाळीत माहेरी गेली असताना पोरीला उलट्या झाल्या, तेव्हा तिथल्या हॉस्पिटलात काढलेला स्कॅन. तो एका स्क्रीनवर लावला. शेजारच्या स्क्रीनवर आमचा, त्याच्या आधीचा.

“हे बघ. हा त्यांचा. कसा रवाळ दिसतोय? आणि हा आपला. लोण्यासारखा.”

फोटोवर बारीक दाणे दिसतात त्याला आमच्यात नॉइज म्हणतात. मी रवाळ म्हणते. त्यांचा फोटो खरंच रवाळ होता. माझी मान ताठ झाली.

सुनंदानं दोन्हीकडं बघितलं. “फोटोतलं मला काही कळत नाही. किरण कुठं लिहिलेत ते दाखवा.”

लिहिलेले असतात. प्रत्येक स्कॅनच्या शेवटी मशीन आपणहून एक पान जोडतं. त्यावर फोटो नसतो, नुसते आकडे. मशीननं या पेशंटला किती किरण दिले त्याची नोंद. फिल्मवर आम्ही ते पान छापत नाही. डॉक्टर मागत नाहीत, पेशंटला माहीत नसतं. मी बेळगावचं शेवटचं पान उघडलं. मग आमचं उघडलं.

मला वाटलं मी उलटं वाचतेय. चष्मा पुसला. नावं ताडून बघितली, तारखा ताडून बघितल्या. आमचा आकडा त्यांच्या जवळजवळ अडीचपट होता.

“आपला कुठला?” सुनंदानं विचारलं.

“थांब जरा,” मी म्हटलं. “दोन कंपन्यांची दोन मशीनं आहेत. असा सरळ आकड्याला आकडा लावता येत नाही.”

हे अर्धं खरं होतं. मशीनमशीनमध्ये फरक पडतो. पण अडीचपट पडत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. तेवढ्यात भूमीला पुन्हा ओकारी आली. सुनंदा तिला घेऊन मोरीकडं धावली आणि माझी सुटका झाली.

खुर्चीत बसले आणि सगळं आठवलं.

चार वर्षांपूर्वी हे मशीन नवीन आलं. कंपनीचा माणूस आठवडाभर बसून सगळी सेटिंग घालून गेला. प्रत्येक वयाला, प्रत्येक अवयवाला वेगळं. त्याला प्रोटोकॉल म्हणतात. पेशंटचं वय टाकायचं, यादीतून प्रोटोकॉल निवडायचा, बटण दाबायचं. मुलांच्या डोक्याला त्यानं किरण कमी ठेवले होते. ते बरोबरच होतं. पोराची कवटी पातळ असते, थोडक्यात काम भागतं. पण किरण कमी म्हणजे फोटो रवाळ. पहिल्याच पोराचा स्कॅन बघून डॉक्टर अंगडी मला म्हणाले होते, “अक्का, हे काय? स्क्रीनवर रवा सांडलाय का?”

मला ते लागलं. दुसऱ्या पोराच्या वेळी मी किरण वाढवले. नळाची तोटी आणखी थोडी सोडावी तसं ते असतं, एक आकडा बदलायचा. फोटो गुळगुळीत आला. डॉक्टर म्हणाले, “हां, आता कसं!” तिसऱ्या वेळी आणखी थोडे वाढवले. मग रोज कोण बदलत बसणार म्हणून ‘सेव्ह’ दाबलं. सहा वर्षांखालचं, सहा वर्षांवरचं, दोन्ही. झालं! पुढं मी सुट्टीवर असले तरी माझ्या जागी येणारा माणूस तेच वापरायचा. नाव ‘पीडियाट्रिक’, म्हणजे लहान मुलांचं. आतला आकडा जवळजवळ मोठ्या माणसाचा.

तुम्ही म्हणाल, एवढ्या अनुभवी बाईला कळलं कसं नाही? तर ऐका. मी शिकले ती डार्करूममध्ये. तेव्हा एक्स-रेची फिल्म अंधारात बसून रसायनात धुवावी लागायची. किरण जास्त दिले की फिल्म काळी ठिक्कर. ती काळी फिल्म घेऊन डॉक्टरांसमोर उभं राहायचं, म्हणजे चारचौघांत बोलणी खायची. दोनदा खाल्ली की हात आपोआप आखडता व्हायचा. सीटीत तसं होत नाही. किरण जास्त दिले की फोटो आणखी चांगला येतो आणि वर शाबासकी मिळते. चूक केली म्हणून माझं कौतुक होत होतं, ते मी चार वर्षं खात बसले होते.

कलघटगीची ही पोर या चार वर्षांत आमच्याकडं पाचदा आली होती. पाचही वेळा मीच बटण दाबलं होतं.

उठले आणि डॉक्टर अंगडींच्या केबिनमध्ये गेले. आम्ही दोघं कन्नडमध्येच बोलतो, इथं मराठीत सांगते.

“सर, मुलांच्या हेडचं सेटिंग मी वाढवून ठेवलंय. चार वर्षांपूर्वी. तुम्ही रवा सांडलाय म्हणाला होतात तेव्हा.”

“मी म्हणालो होतो?”

“म्हणाला होतात.”

“मग चांगलं केलंत की. इमेज फर्स्ट क्लास येतात.”

“फर्स्ट क्लास येतात त्याचंच तर हे झालंय.” मी दोन्ही पानांचे प्रिंट त्यांच्यापुढं ठेवले. “हे बेळगाव. हे आपण. पोरगी एकच, डोकं एकच.”

त्यांनी दोन्ही कागद हातात घेतले, एकावर एक धरले, पुन्हा वेगळे केले. डॉक्टर अंगडी वाईट माणूस नाही. तापट आहेत, पण आकडा समोर ठेवला की वाद घालत नाहीत.

“बाहेर बसलीय ती हीच का?”

“हीच. आज दहावा. कंपनीनं मुळात घातलेलं सेटिंग मशीनमध्ये एका वेगळ्या फोल्डरमध्ये असतं, ते पुसता येत नाही. मी आज ते वापरते. पण फोटो रवाळ येणार.”

“आणि रवाळ फोटोत काही दिसलं नाही म्हणून परत काढावा लागला तर? दोनदा झाले ना मग. उलट जास्तच की.”

“म्हणूनच विचारायला आलेय. तुम्ही रवाळ वाचणार का नाही, ते आधी सांगा.”

बत्तीस वर्षांत मी त्यांना अशी बोलले नव्हते. मग त्यांनी फोन उचलला, सर्जनला लावला आणि स्पीकरवर टाकला.

“भूमीच्या स्कॅनमध्ये तुम्हाला नेमकं काय बघायचंय?”

“पोकळ्या पूर्वीपेक्षा मोठ्या झाल्यात का. आणि नळीचं टोक जागेवर आहे का. बास.”

“थोडा रवाळ फोटो चालेल?”

“अहो, मला तिच्या मेंदूचं सौंदर्य बघायचं नाही. मागचा स्कॅन शेजारी लावा, मोजा, सांगा.”

“एमआरआय केला तर?” एमआरआयमध्ये हे किरण नसतात, म्हणून त्यांनी विचारलं.

“सोमवारपर्यंत थांबू? का उलट्या करणाऱ्या पोरीला तिथं अर्धा तास निपचित पडावं म्हणून गुंगी देऊ? सीटीच करा. लवकर करा.”

फोन ठेवला. डॉक्टर म्हणाले, “ठीक आहे. वाचतो. पण हलला तर मी जबाबदार नाही.” हलला म्हणजे पोर हललं आणि फोटो बिघडला. मग परत काढावाच लागतो. ती भीती मलाही होतीच.

भूमीला टेबलावर झोपवलं. आमच्या मशीनला मध्ये मोठं गोल भोक असतं, टेबल त्यातून आतबाहेर जातं. मुलांना मी सांगते, हा मोठा उद्दिनवडा आहे. बाकीचे लोक मेदूवडा म्हणतात तो. भूमीला त्याचं आता काही कौतुक नव्हतं. “वड्यात नको, वड्यात नको,” म्हणून तिनं भोकाड पसरलं.

एरवी मी आईला सांगते, धर घट्ट, आणि पट्टा आवळून मोकळी होते. बाहेर लाइन असते, कुणाला वेळ आहे? त्या दिवशी लाइन राहू दिली. सुनंदाला शिशाचा जाड एप्रन घातला, म्हणजे तिला किरण लागू नयेत, आणि तिला भूमीच्या पायाशी उभं केलं. मी स्टूल ओढून भूमीच्या डोक्याशी बसले.

“तुला दहापर्यंत येतं काय?”

“शंभरपर्यंत येतं,” ती हुंदके देत म्हणाली.

“कन्नडमध्ये?”

“दोन्हीमध्ये येतं.”

“बघू. मनातल्या मनात म्हणायचं. ओठ हलले की आउट. डोकं हललं तरी आउट. दहा झाले की मी विचारणार.”

दोनदा आउट झाली. तिसऱ्यांदा दगडासारखी पडून राहिली. मी हळूच उठले, काचेमागं गेले, कंपनीचा मूळ प्रोटोकॉल निवडला. स्कॅनची हद्द कवटीपुरतीच ठेवली, मानेचा एकही इंच आत घेतला नाही. बटण दाबण्याआधी मशीन विचारतं, एवढे किरण जातील, चालेल का? चौकटीत आकडा येतो आणि खाली ‘ओके’. तो आकडा चार वर्षं रोज माझ्या डोळ्यांसमोर येत होता आणि मी न वाचता ‘ओके’ म्हणत होते.

त्या दिवशी वाचला. मग दाबलं.

काही सेकंदांचं काम. पोर हलली नाही. फोटो स्क्रीनवर येऊ लागले आणि अय्यो, काय तो रवा! माझ्या हातून असा फोटो कधी गेला नव्हता. एक क्षण वाटलं, गेलं सगळं, परत काढावा लागणार आणि या पोरीच्या डोक्यात आणखी भर घालणार तीही मीच.

डॉक्टर येऊन बसले. एरवी डोक्याचा स्कॅन ते वीस सेकंदांत वाचतात, मग फोनवर बोलत रिपोर्ट सांगतात. त्या दिवशी नाक स्क्रीनला लावून बसले. मागचा स्कॅन शेजारी. एक पोकळी मोजली, मागची मोजली. दुसरी मोजली. मी मागं उभी.

“सेम,” ते म्हणाले.

“नक्की?”

“तुम्ही कधीपासून रिपोर्ट वाचायला लागलात? सेम आहे. एवढासुद्धा फरक नाही. टोक जागेवर.” मग म्हणाले, “दिसतंय की चांगलं. उगीच मी…” आणि वाक्य तिथंच सोडून उठले.

माझा जीव भांड्यात पडला. सुनंदा भूमीला घेऊन सर्जनकडं गेली. त्यांनी पोट तपासलं, चौकशी केली. आदल्या दिवशी लग्नात पोरगी तीन वाट्या बासुंदी प्याली होती. तरीपण संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतली, कारण नळीचा भरवसा नसतो. उलट्या थांबल्या. ऑपरेशन टळलं.

जाताना सहाच्या सुमारास दोघी फिल्म न्यायला आल्या. भूमी स्वतःच्या पायांनी चालत होती. सुनंदा काउंटरशी येऊन म्हणाली, “अक्का, सकाळी मी जरा जास्तच बोलले. रागावू नका. तुम्ही इतक्या काळजीनं केलंत, दुसरं कुणी केलं नसतं.”

हे ऐकलं आणि मला तिथं उभं राहवेना. बोलणी खाल्ली असती तर गप्प बसले असते. आभार घेऊन गप्प बसणं जमेना.

“आत ये,” मी म्हटलं. “पोरीला बाहेर बसव.”

कन्सोल रूमचं दार लावलं आणि सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. सकाळी मशीनमशीनचा फरक म्हणाले ते निमित्त होतं, हेही सांगितलं. आमच्याकडचे आधीचे पाच स्कॅन गरजेपेक्षा जास्त किरण देऊन झाले. ते मी वाढवले होते. आजचा बरोबर झाला.

तिला कळायला वेळ लागला. मग म्हणाली, “का वाढवले?”

“फोटो चांगला यावा म्हणून.”

“चांगल्या फोटोत जास्त आजार दिसतो काय?”

“हिच्या बाबतीत नाही. आज रवाळमध्येही दिसलं सगळं.”

“मग तो चांगला फोटो बघितला कुणी?”

डॉक्टर बघतात वीस सेकंद. सर्जन त्याहून कमी. आई-बाप पिशवीत घालून ठेवतात. बघत होते ती मीच.

“तिला काही होईल काय?” तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

जे माहीत होतं ते सांगितलं. मुलांचं शरीर वाढत असतं आणि पुढं आयुष्य मोठं असतं, म्हणून किरणांचा धोका मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त. एका स्कॅननं तो फार थोडा वाढतो. दहा झाले तर थोडा थोडा जमत जातो. हिला काही होईल असं कुणी सांगू शकत नाही आणि कधीच काही होणार नाही असंही कुणी लिहून देणार नाही. स्कॅन गरजेचे होते, ते टाळले असते तर जिवावर बेतलं असतं. जास्तीचे किरण मात्र गरजेचे नव्हते.

“हे लिहून द्या.”

“काय?”

“आता सांगितलं ते. तारखा, आकडे, कुठला बरोबर, कुठला जास्त. पुढच्या ठिकाणी दाखवायला पाहिजे ना मला? मी तोंडानं सांगितलं तर मला कोण विचारतंय? अंगणवाडीची बाई मी.”

डॉक्टर अंगडींना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. “हुच्च हिडदैतेन्री?” म्हणजे वेड लागलंय का. “चूक सुधारली, आईला सांगितलं, पुष्कळ झालं. लिहून कोण देतं? उद्या हा कागद वकिलाकडं गेला तर?”

“जाऊ दे. सही माझी असेल.”

“सेंटर माझं आहे.”

“सेटिंग माझं होतं.”

ते खिडकीशी गेले. मला वाटलं, आता ‘उद्यापासून येऊ नका’ ऐकायला मिळणार. तयारीच केली होती मनाची. वळून म्हणाले, “लेटरहेडवर लिहा मग. कोऱ्या कागदावर दिलं तर आपण शेपूट घातल्यासारखं दिसेल.”

लिहिलं. सहा तारखा, सहा आकडे. खाली बेळगावचा आकडा. त्याखाली एक वाक्य, ‘यांपैकी पहिल्या पाच वेळी किरणांचे प्रमाण आवश्यकतेपेक्षा जास्त होते; सेटिंग मी बदलले होते.’ हे वाक्य लिहायला मला सहा तारखा आणि सहा आकड्यांपेक्षा जास्त वेळ लागला. सही केली. शेजारी डॉक्टरांनीही केली, कुणी न सांगता.

सुनंदानं कागद वाचला. मोठ्यानं वाचला, मुलांना शिकवताना वाचतात तसा, एकेक शब्द. मग विचारलं, “आणि बाकीची मुलं?”

ती गेल्यावर मी माझे दोन्ही सेव्ह केलेले प्रोटोकॉल पुसले. सोमवारी लवकर जाऊन चार वर्षांची यादी काढली. किती मुलं होती तो आकडा इथं लिहीत नाही, लाज वाटते. ज्यांचे वारंवार स्कॅन होत होते त्यांच्या डॉक्टरांना अंगडींनी स्वतः फोन केले. काहीजण म्हणाले, बरं झालं सांगितलंत. एकजण म्हणाला, सांगायची काय गरज होती. मुलांच्या फिल्मसोबत शेवटचं पान छापून द्यायचं, हे तेव्हापासून ठरलं ते चालू आहे.

सुनंदा मात्र आमच्याकडं परत आली नाही. मला वाटायचं येईल. मी खरं बोलले ना, मग येईल. कसलं काय! खरं बोललं की माणसानं लगेच माफ केलं पाहिजे, असं कुठं लिहिलंय? तरी वाईट वाटायचं ते वाटायचंच.

पाच-सहा महिन्यांनी धारवाडच्या एका सेंटरमधून टेक्निशियनचा फोन आला. तोंडओळख होती.

“शैलाक्का, एक बाई आलीय. तुमच्या लेटरहेडचा कागद आहे तिच्याकडं. खाली तुमची सही. खरंच तुमची?”

“माझीच.”

“ती म्हणते, कागदावरचा सहावा आकडा बरोबरचा आहे. तुमचं मशीन त्याच्या आसपास असेल तर काढा, नाहीतर मी निघाले.”

“मग?”

मागं पोराचा आवाज येत होता, बहुतेक भूमीचाच.

“बघितला का तुझा आकडा?” मी विचारलं.

“बघितला. तुमच्या जुन्याइतकाच आहे.”

“फोटो कसे येतात तुझे?”

“एकदम सुंदर येतात अक्का. सगळे म्हणतात.”

“म्हणणारच,” मी म्हटलं आणि मूळ सेटिंगचं फोल्डर कुठं असतं ते त्याला फोनवरच शोधायला लावलं. सापडलं. पोरीला मनात दहापर्यंत मोजायला लाव, घाई करू नको, रवाळ आला तर घाबरू नको, एवढं सांगून फोन ठेवला. अर्ध्या तासानं त्याचा मेसेज आला, स्कॅन झाला, पोकळ्या तशाच, बाई कागदावर आजचा आकडा लिहून मागतेय, लिहू का?

मी लिहिलं, लिही, आणि सही कर.